आजीचा गळा

बीडहून परळीला जाताना तेलगाव सोडलं की थोड्या वेळात दिंद्रुड येतं. तालुका माजलगाव. तिथं आमचं माळवदाचं घर होतं. पुढं ढाळज, मग अंगण, मग सोपा आणि सोप्याच्या अंगानं अंधारी चुलीची खोली. त्या खोलीच्या कोपऱ्यात जातं रोवलेलं होतं. माझ्या लहानपणीची पहाट कोंबड्यानं व्हायची नाही, जात्यानं व्हायची. वाकळेत पडल्या पडल्या आधी घरघर कानावर यायची आणि त्या घरघरीच्या पोटातून हळूच आजीचा आवाज वर यायचा. तो नेमका कधी सुरू झाला हे मला कधीच कळलं नाही. आभाळ कधी उजाडलं हे जसं सांगता येत नाही, तसंच ते होतं.

आजीला कुणी गाणारी म्हटलं असतं तर ती हसली असती. तिच्या लेखी गाणं म्हणजे तमाशातलं, नाहीतर सप्त्यातल्या भजनी मंडळाचं. ती करायची ते दळण. दळताना तोंडातून निघायची ती ओवी. पण आज साठी ओलांडल्यावर, आयुष्यभर रेडिओवरची, सिनेमातली, बैठकीतली गाणी ऐकून झाल्यावर मला वाटतं, गाण्यात माणसाचं मन कसं उतरतं आणि डोळ्यापुढं चित्र कसं उभं राहतं, हे मी त्या अंधाऱ्या खोलीतच शिकलो. मात्र तेव्हा शिकलो नाही. फार उशिरा शिकलो. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ज्यांनी जातं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन दगड, एकावर एक. खालचा पक्का बसलेला, वरचा फिरणारा. वरच्याला कडेला लाकडी खुंटा आणि मध्ये तोंड. त्या तोंडात मूठ-मूठ दाणे टाकायचे, त्याला वैरण घालणं म्हणतात. दळण एकटीचंही होतं, पण ज्वारीची पाटी मोठी असली तर समोरासमोर दोघी बसायच्या आणि एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओढायचं, दुसरीनं पुढं लोटायचं. ओढताना श्वास आत, लोटताना बाहेर. ओवीचा ताल हाच. तबला नाही, टाळ नाही. दगड हाच साथीला. दाणे भरपूर असले की जातं जड, गंभीर घरघरतं. दाणे संपत आले की खडखडायला लागतं. मग आजी ओवी अर्ध्यात थांबवायची, मूठभर वैरण घालायची, जातं पुन्हा खालच्या आवाजात आलं की उरलेली अर्धी ओवी म्हणायची. त्या मधल्या थांबण्यात काय काय असायचं ते पुढं सांगतो.

बायका चालीला चाल म्हणत नाहीत, गळा म्हणतात. 'तिचा गळा येगळा, माझा गळा येगळा.' एका बाईला दोन-तीन गळे यायचे, फार तर चार. आणि त्या दोन-तीन गळ्यांतच तिचा सगळा संसार बसायचा. देवाची ओवी, पंढरीची ओवी, भावाची, लेकराची, सासूच्या जाचाची, दुष्काळाची, मरणाची, सगळ्या ओव्या त्याच गळ्यात. ही गोष्ट मला पुढं फार चक्रावून गेली. सिनेमात दुःखाचं गाणं असलं की चाल दुःखाची, सारंगी रडायला लागते, आपल्यालाही कळतं की आता रडायचं आहे. शास्त्रीय संगीतात तर रागाचा भाव ठरलेला. मग आजीच्या एकाच गळ्यात हसू आणि रडू दोन्ही कसं मावायचं?

याचं उत्तर मला आईकडून मिळालं.

आई लग्न होऊन आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. आल्यापासून पहाटे सासूच्या समोर जात्याला बसायची. आजीच्या ओव्यांत मैना फार यायची. आमच्याकडं ओवीत मुलाला राघू आणि मुलीला मैना म्हणायची रीत जुनी आहे. मी पोर होतो, मला वाटायचं ही लिंबावरची मैना. आई मात्र जाणती. तिनं सांगितलेलं तिच्याच बोलीत लिहितो.

"आत्याबाईला लेक न्हवती. तुझे बाप आन् चुलते, तिघं ल्योकच. मंग म्या म्हनलं, ही मैना कुनाची म्हनायल्यात ह्या? दुसऱ्यांच्या वव्या असत्याल, आईकडून आलेल्या. पर एका ठिकानी आत्याबाई रोज थांबायच्या. मैना खुंट्याला हात लावती, असं म्हनायच्या आन् थांबायच्या. वैरन संपलेली नसायची, तरी थांबायच्या. जातं चालूच. आन् मंग फुडचं म्हनायच्या. रोज त्याच जागी. एकदा म्या इचारलं. तर म्हनल्या, वढ पोरी, दिवस वर यायलाय."

पुढं कितीतरी वर्षांनी शेजारच्या एका म्हातारीनं आईला सांगितलं. रझाकाराच्या आधी दोन-तीन सालं पटकीची साथ आली होती, तेव्हा आजीची थोरली लेक गेली. सहा वर्षांची. आईच्या मांडीला मांडी लावून जात्याला बसायची आणि आपले इवलेसे दोन हात खुंट्याला लावून दळल्याचं सोंग करायची. ती गेल्यावर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. आजोबांनी काढलं नाही, आजीनं काढलं नाही. माझ्या वडिलांना आपल्याला एक बहीण होती हे नीट माहीत नव्हतं. कुठल्या कागदावर तिचं नाव नाही. तिचा फोटो तर असण्याचा प्रश्नच नाही. ती उरली ती फक्त त्या ओवीत, आणि ओवीतही नाव न घेता, मैना होऊन.

तेव्हा मला कळलं की गळा एकच का चालतो. भाव चालीत नव्हता. भाव होता तो थांबण्यात. कुठला शब्द दोनदा घोळवायचा, कुठल्या शब्दापाशी 'बाई गं' घालून श्वास लांबवायचा, कुठं हात चालू ठेवून तोंड मिटायचं, यात होता. गळा सगळ्यांचा, थांबण्याची जागा ज्याची त्याची. आणि चित्र? सबंध ओवी दोन ओळींची. त्यात वर्णनाला जागाच नाही. मग ती एकच वस्तू उचलते, खुंट्यावरचा लहान हात, आणि बाकीचं ऐकणाऱ्यावर सोडते. आई समोर बसून ऐकत होती. तिच्या डोळ्यापुढं तो हात आला, म्हणून तर तिनं विचारलं.

उघड बोलता येत नाही ते आडून बोलायचं, ही ओवीची दुसरी रीत. समोर सासू बसलेली असताना सासूच्या जाचाची ओवी म्हणायची कशी? मग सून सीतेची म्हणायची. सीतेचा वनवास, सीतेला घराबाहेर काढलेलं, रानात तिला समजवायला माणूस नाही, बोरी-बाभळीच तिच्या सया झाल्या. आमच्या शिवारात बोरी-बाभळीच तर होत्या! अयोध्या कुणी पाहिली होती? पण बांधावरची काटेरी बाभूळ रोजची होती. सीता आमच्या बांधावरून चालत जायची. आजी ऐकायची. तिनंही तरुणपणी आपल्या सासूपुढं हीच सीता म्हटलेली. दोघींना सगळं कळायचं आणि दोघीही रामायण म्हणत असायच्या.

ही चीज किती जुनी आहे? मी मास्तर झालो, पुस्तकं वाचायला लागलो तेव्हा याचा धागा सापडला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला, इ. स. ११२९ च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. आपल्या मराठवाड्यासारखंच तेही पुढं निजामाच्या राज्यात होतं. त्या ग्रंथात राजानं नोंदवलं आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. आता हिशेब करा. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' ११८८ चा मानतात. त्यांची समाधी आमच्या जवळच अंबाजोगाईला आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. हे दोन्ही ग्रंथ ओवीत. म्हणजे पंडितांनी आणि संतांनी ओवी हातात घेतली त्याच्या आधीपासून ती उखळापाशी, जात्यापाशी गायली जात होती. आपण शाळेत शिकवतो की ओवी हा ग्रंथाचा छंद. खरं तर ग्रंथानं तो बायकांकडून उसना घेतला.

परळीच्या पुढं गंगाखेड. ते जनाबाईचं गाव. नामदेवाच्या घरची दासी, दळण-कांडण करणारी. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्या बरोबर जात्याला बसतो. लोक याला चमत्कार म्हणतात. आजी म्हणायची नाही. तिला त्यात नवल वाटत नव्हतं. एकदा मी खोदून विचारलं तर म्हणाली, "पहाटच्या पारी एकटीनं दळायलं की समोर कुनीतरी बसल्यावानी होतंच की रं लेकरा. जनीला इठ्ठल दिसला." एवढं बोलून गप्प झाली. तिला कोण दिसायचं हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायचं मला सुचलंच नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी दहा वर्षांचा. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात कवडीमोलानं गेली. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. माती वाहायची, खडी फोडायची. आई-चुलती कामावर, आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं मागं. घरात खायला मिलो. ही अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी तांबडी, तोंडात फिरायची. आमचं जातं तेव्हा वेगळंच वाजायचं. दळण थोडं, त्यामुळं घरघर थोडी आणि खडखड फार. आजी त्याही दिवसांत ओवी म्हणायची. मेघराजाला भाऊ करून त्याला रुसवा सोडायला सांगायची. आधीच्या ओव्यांत जो भाऊ दिवाळीला मुऱ्हाळी यायचा, बहिणीला माहेरी न्यायला, त्याच भावाच्या जागी तिनं पाऊस बसवला. आभाळाला नातं लावलं की त्याच्याशी भांडता येतं. गळा तोच. पण दाण्यांचा आवाज कमी झाल्यानं तिचा आवाज पहिल्यांदा उघडा पडला. तो किती थकलेला होता, ते त्या साली मला ऐकू आलं.

दुष्काळ सरला आणि चार-पाच वर्षांत गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आली. डिझेलचं इंजिन, पुक-पुक आवाज, पट्ट्याची धाव. बायकांचे दंड मोकळे झाले. मी हे मुद्दाम लिहितो, कारण शहरातली माणसं जात्याबद्दल फार हळहळतात. दोन वाजता उठून पायली-पायली दळणाऱ्या बाईला विचारा, गिरणी आली तेव्हा तिला काय वाटलं. माझी आई म्हणते, "देव आला." माझंही म्हणणं तेच आहे. पण देव आला तो ओवी घेऊन गेला, हेही खरं. पहाट मुकी झाली. आजी उठायची तशीच दोन वाजता, आणि चुलीपाशी नुसती बसून राहायची.

जगात दुसरीकडंही असंच झालं आहे. स्कॉटलंडच्या बेटांवर बायका लोकरीचं ओलं कापड फळीवर आपटून घट्ट करायच्या आणि त्या आपटण्याच्या तालावर गायच्या. गिरण्यांनी ते काम घेतलं आणि ती गाणी कामापासून तुटली. हात थांबले की गळा थांबतो. याचा अनुभव मी स्वतः घेतला, तो सांगतो. ती माझी चूक आहे.

मी डी. एड. करून नोकरीला लागलो होतो. १९८० नंतरची गोष्ट. एका मित्राचा टेपरेकॉर्डर दोन दिवसांसाठी आणला. आजीला बाजेवर बसवलं, म्हटलं, "आजी, ओव्या म्हण." तिनं घसा साफ केला. दोन शब्द आले, पुढचे येईनात. सत्तर वर्षं जिनं रोज म्हटल्या तिला आठवेनात! ती कावरीबावरी झाली. "आरं, जातं कुठंय? जात्याबिगर कशी यील वव्ही?" मग आम्ही चुलीच्या खोलीत गेलो. जात्यावर सरपण रचलेलं होतं, ते काढलं. दळायला काही नव्हतं. ती रिकामंच जातं ओढायला लागली. आणि काय सांगू, एक फेरा झाला, दोन झाले, आणि तिसऱ्याला ओवी आपोआप आली. मग एकामागून एक येतच राहिल्या. अर्धा तास. ओव्या तिच्या डोक्यात नव्हत्याच, त्या तिच्या दंडात होत्या.

संध्याकाळी टेप लावून ऐकली. सगळी खडखड. रिकाम्या दगडांचा आवाज आणि त्याच्या मागं कुठंतरी आजी. मला राग आला. रेकॉर्डिंग बिघडलं म्हणालो. मित्राची कॅसेट परत द्यायची होती, तर त्याच्यावर दुसऱ्या दिवशी सिनेमाची गाणी भरली. आजीनं विचारलं, "कसं आलं रं?" मी म्हणालो, "आलं नाही नीट." ती म्हणाली, "मंग राहू दे." आजी १९९४ साली गेली.

दोन वर्षांनी, १९९६ साली, माजलगावच्या भीमनगरात पुण्याहून काही माणसं आली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी उभ्या केलेल्या कामातली ही मंडळी. पॉइत्व्हँ मूळचे फ्रान्सचे. या दोघांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. बर्नार्ड बेल नावाच्या संगीताच्या अभ्यासकानं त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. या सगळ्याची मला तेव्हा गंधवार्ता नव्हती. इतक्या जवळ घडत होतं आणि मी दिंद्रुडला बसून होतो. २०१७ पासून 'पारी'नं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं, त्या ओव्या सगळ्यांना ऐकायला खुल्या केल्या. त्यानंतर एके दिवशी पुतण्यानं त्या मोबाईलवर लावून दिल्या.

भीमनगरच्या बायका बाबासाहेबांच्या ओव्या म्हणत होत्या. ज्या दोन ओळींत आमच्या आजीनं विठ्ठल बसवला, त्याच दोन ओळींत त्यांनी भीमराव बसवला. भाऊ म्हणून, घरचा माणूस म्हणून. ज्या माणसानं पाणी दिलं, अक्षर दिलं, त्याला त्यांनी पहाटे जात्यापाशी जागा दिली. आई शेजारी बसली होती. तिला कमी दिसतं, ऐकू मात्र चांगलं येतं. ती एकदम म्हणाली, "आगं माय, ह्यो तर आत्याबाईचा गळा हाय!"

खरंच तोच होता. तसाच वर चढणारा, तसाच शेवटच्या शब्दावर खाली उतरणारा. मी गप्प बसलो. कारण मला दुसरं एक आठवलं. आमच्या घरी सुगीला त्या वस्तीतल्या बायका कामाला यायच्या. आजी त्यांना पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत, भांडं लागू न देता. ती मनानं वाईट नव्हती, पण हे करायची आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या जात्याला त्यांचा हात कधी लागला नाही. मग गळा कसा गेला? त्यांच्याकडून आमच्याकडं आला की आमच्याकडून त्यांच्याकडं? बहुधा शेतातच. निंदताना, खुडताना, एकाच तासाला वाकलेल्या असताना. कान कुणाला बांधता येत नाहीत. पाणी वेशीवर अडवलं, गळा अडवता आला नाही. पण एवढं म्हणून मोकळं होता येत नाही. गळा एक होता आणि तरीही पाणी वरून वाढलं जात होतं. या दोन्ही गोष्टी आमच्याच घरातल्या, म्हणून दोन्ही लिहिल्या पाहिजेत.

गेल्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न झालं. दारात डीजे, मांडवात झुंबरं. हळद बाजारातून पुडीतून आलेली. पण रीत म्हणून जात्याला हळद-कुंकू लावून सुवासिनींनी पाच हळकुंडं तरी दळायची होती. जातं शोधायला लागलं. ते न्हाणीच्या तोंडाशी पडलं होतं, त्यावर आम्ही पाय धुवायचो. उचलून आणलं, धुतलं, खुंटा नवा ठोकला. पोरी हसत-हसत बसल्या, पण जातं फिरवता कुणाला येईना. मोबाईलवर फोटो काढून झाले. मग कुणीतरी आईला बसवलं. तिची ऐंशी उलटून गेलेली. तिनं नवरीला समोर घेतलं, तिचे मेंदीचे हात आपल्या हातांवर खुंट्याला लावले आणि ओढायला सुरुवात केली.

तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मैनेचीच. मैना सासरी निघाली, असं तिनं शेवटी घातलं होतं. बाकी सगळं आजीचं. शब्द तेच, गळा तोच. जी ओवी घरातल्या एका मेलेल्या पोरीची होती, ती त्या दिवशी सासरी जाणाऱ्या पोरीची झाली आणि कुणाला काही खटकलं नाही. बायका डोळे पुसत होत्या ते लग्नाचं म्हणून. खुंट्याच्या हातापाशी आई थांबली. हळकुंडं संपलेली नव्हती. जातं चालूच होतं. मग ती पुढचं म्हणाली.

या वेळी मोबाईलमध्ये सगळं आलं आहे. दगडाच्या घरघरीसकट, बाहेरच्या डीजेसकट. त्यातलं काहीही मी पुसणार नाही.